नागपुरात बसून जुनी हेराल्ड उभी करायची असेल तर

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोक्यात दोन सीटची, उघड्या छताची लाल गाडी येते, अन् तशी एमजी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर आपल्या नागपुरात कोणाच्या कंपाउंडमध्ये दिसलीच तर मालक विकायला तयार नसतो, अन् तयार झालाच तर भाव ऐकून माणूस चहा पिऊन निमूट परत येतो. म्हणून पहिल्यांदाच हात घालणाऱ्याला मी एकच गाडी सांगतो, स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडात ट्रायम्फनं हेराल्ड १९५९ ला काढली, डिझाइन इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीचं, अन् १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती इथं बनवायला लागली. १९६२ ला स्पिटफायर आली ती हेराल्डचीच चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून. म्हणजे पुढचं सस्पेन्शन, रॅक अँड पिनियन स्टीअरिंग, मागचा आडवा पाटा म्हणजे स्प्रिंग, इंजिनचं घराणं सगळं एकच. हेराल्डवर हात बसला की उद्या स्पिटफायर मिळाली तरी घाबरायचं काम नाही.

दुसरं कारण असं की ही गाडी शिकायला बनवल्यासारखी आहे. चेसिस वेगळी, वरची बॉडी तुकड्या-तुकड्यानं नट-बोल्टवर बसवलेली, छतसुद्धा बोल्टवर. बॉनेट अन् पुढचे मडगार्ड मिळून एक अख्खा तुकडा पुढे पलटतो, मग पुढच्या टायरवर आरामात बसून इंजिनचं काम करायचं, कमर मोडत नाही. अन् वळते केवढ्यात, तर पंचवीस फुटांत, महालातल्या गल्लीत सुद्धा रिव्हर्स न मारता फिरून येते.

आता मुख्य गोष्ट, बाकी सगळं याच्यावरच चालतं. आपल्या इकडे अर्धवट पडलेल्या जितक्या गाड्या मी पाहिल्या त्यातल्या बहुतेक एकाच पद्धतीनं अडकल्या आहेत. मालकानं जोशात पहिल्याच महिन्यात सगळी गाडी खोलली, इंजिन एका बोअरिंगवाल्याकडे, सीट दुसरीकडे, बॉडी डेंटरकडे, नट-बोल्ट सगळे एका तेलाच्या डब्यात, मग घरात लग्न निघालं किंवा बदली झाली, अन् आता ते सामान कोणालाच जोडता येत नाही. तर नियम असा ठेवा की गाडी कायम स्वतःच्या चार चाकांवर राहिली पाहिजे अन् ढकलली तर हलली पाहिजे. एका वेळी एकच सिस्टिम खोलायची, ती पूर्ण करून बसवायची, मगच पुढची. अख्खी चेसिस नागडी करून रंगवायची हौस असेल तर ती दुसऱ्या गाडीवर करा.

कागद आधी, लोखंड नंतर

गाडी पाहायला जायच्या आधी आरसी बुक मागा. फोटो चालेल. प्रायव्हेट गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, अन् शेडमध्ये झोपलेल्या हेराल्डचं हे रिन्युअल कोणीच केलेलं नसतं. ते एक वेळ निस्तरता येतं. पण पुस्तकच नाही, किंवा पुस्तकावरचा मालक वारला अन् वारसांचे कागद नाहीत, किंवा चेसिस नंबर जुळत नाही, अशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. ती पार्टसाठी म्हणून घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

चेसिस नंबर स्वतः पाहायचा, मालक सांगतो म्हणून नाही. प्लेटवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, आरटीओत पण तसाच घेतात. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो, वरचा चिकट मळ डिझेलच्या फडक्यानं पुसा म्हणजे दिसतो. इतक्या वर्षांत कोणीतरी इंजिन बदललं असेल अन् बुकात नोंद केली नसेल, हे सर्रास होतं.

जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढलेली नसतात, मग त्याची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन काहीच होत नाही. नावावर करायला फॉर्म २९ अन् ३०, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर आधी तिथून फॉर्म २८ ची एनओसी. नागपुरात एमएच-३१, एमएच-४० ग्रामीण अन् एमएच-४९ असे तीन नंबर चालतात, तुमचा पत्ता कोणाच्या हद्दीत येतो ते आधीच पाहून घ्या, नाही तर नुसतं इकडून तिकडे.

२०२१ च्या जुलैत केंद्रानं विंटेज गाड्यांचे वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली, मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००, अन् नोंदणी दहा वर्षं चालते. ऐकायला छान वाटतं, पण त्या नंबरवर रोज ऑफिसला जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रविवारी फुटाळ्यावर चक्कर मारायची हौस असेल तर साधी नोंदणी जिवंत करणं जास्त कामाचं.

अन् हो, छत बोल्टवर आहे म्हणून ते कापून-काढून घरची स्पोर्ट्स कार बनवायचा मोह प्रत्येकाला होतो. नका करू. मूळ रूप गेलं की विंटेजचा दरवाजा बंद, अन् मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल तसाही चालत नाही.

गाडी पाहायला जाताना

सोबत टॉर्च, चुंबक, एक जुना पेचकस अन् खाली झोपायला पोतं घेऊन जा. मालक इंजिन स्टार्ट करून दाखवायच्या मागे असतो, त्याला करू द्या, तुम्ही खाली झोपा. इंजिन नागपुरात कोणीही बनवून देईल, सडलेली चेसिस सरळ करणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

चेसिसच्या दोन मुख्य लांब कांब्या अन् त्यातून बाहेर निघालेले आडवे हात, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, सडलेलं थप्प करतं. थप्प वाजलं तिथं टोकानं दाबायचं, आत गेला तर कळलं. डिफरन्शियल जिथं टांगलेला असतो त्याच्या आजूबाजूला अन् डिकीच्या खालचे मागचे हात नक्की पाहा, चिखल तिथंच बसून राहतो. खालून ताजा काळा जाड कोट मारलेला दिसला तर समजा काहीतरी झाकून राहिले आहेत. दरवाजाखालच्या पट्ट्या गंजलेल्या असतील तर एवढं मनावर घेऊ नका, हेराल्डमध्ये त्या बोल्टवर बसवलेल्या असतात अन् त्यांच्यावर गाडीचा भार नसतो. स्पिटफायरमध्ये मात्र त्याच पट्ट्या भार घेतात, तिथं हा हिशोब चालणार नाही.

चुंबक पत्र्यावर फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, पण अख्खा दरवाजा लांबीचाच असेल तर तो दरवाजा हिशोबात धरू नका.

मग एक टेस्ट, जी माहीत नसल्यानं लोक फसतात. कोणाला तरी आत बसवून क्लच दाबायला अन् सोडायला सांगा, तुम्ही पुढून क्रँकच्या पुलीकडे पाहत राहा. क्लच दाबल्यावर पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर आतले थ्रस्ट वॉशर झिजलेत. हे अर्ध्या चंद्रासारखे छोटे वॉशर मागच्या मेन बेअरिंगपाशी असतात अन् या इंजिनाची हीच कमजोरी आहे. वेळेत धरलं तर इंजिनखालचं ऑइलचं चेंबर काढून, मागची कॅप उतरवून, इंजिन गाडीतच ठेवून बदलता येतात. पण वॉशर निसटून पडला असेल अन् लोकांनी तशीच चालवली असेल तर क्रँक ब्लॉकला खात जातो, मग ब्लॉकच भंगारात. भाव करताना ही पुली हलवून दाखवा, मालकाचा आवाज आपोआप खाली येतो.

जागा, हत्यारं अन् मोसम

बंद शेड पाहिजे, नुसतं छप्पर नाही. आपल्याकडे मेमध्ये पंचेचाळीसच्या वर जातं, तेव्हा पत्र्याला हात लागत नाही, लांबी पात्यावरच घट्ट होते, प्रायमर हवेतच वाळून खरखरीत बसतो. चौमासात उघडं केलेलं लोखंड रात्रीतून तांबडं होतं. त्यामुळे माझा हिशोब असा, पत्रा अन् रंगाचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, पावसाळ्यात टेबलावर बसून करायची कामं, म्हणजे कार्ब्युरेटर, डायनॅमो, ब्रेकचे सिलेंडर, अन् उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत जेवढं होईल तेवढं. उन्हाळ्याच्या दुपारी पार्ट शोधायला फिरायचं, तेव्हा दुकानदार पण रिकामा असतो अन् बोलतो.

हत्यारांत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे इंची पाने. हेराल्डचे बोल्ट मिलिमीटरचे नाहीत. ७/१६, १/२ अन् ९/१६ हे तीन साइज सगळ्यात जास्त लागतात. ७/१६ ला अकराचा पाना चालून जातो, पण १/२ ला तेराचा पाना लावला की तो थोडा ढिला बसतो अन् गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो, मग छन्नी-हातोडा अन् शिव्या. १४ चा तर ९/१६ वर चढतच नाही. इतवारीत लोहाओळीकडे विचारलं तर इंची रिंग पाने अन् गोट्या (सॉकेट) मिळतात, थोडं शोधावं लागतं. सोबत फिलर गेज (बारीक गॅप मोजायच्या पात्या), टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं आवळायचा), ग्रीस गन, जॅक अन् दोन जोडी घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड. घोडी न लावता जॅकवर गाडी ठेवून कधीच खाली जायचं नाही, विटांवर तर अजिबात नाही, वीट सांगून फुटत नाही. आग विझवायचा सिलेंडर भिंतीला टांगा, सीटखाली नको.

खोलायची शिस्त

प्रत्येक सिस्टिमला वेगळा डबा, अन् डब्यात प्रत्येक पार्टच्या बोल्टची वेगळी झिपची पिशवी, पिशवीत कागदाची चिठ्ठी, जाड मार्करनं लिहिलेली. पिशवीवर बाहेरून लिहू नका, तेलाचा हात लागला की पुसतं. चिठ्ठीवर नुसतं "वॉटर पंप" नाही, "वॉटर पंप, लांब बोल्ट उजवीकडे, वॉशर खाली" असं लिहा. मोबाइलनं फोटो काढा पण नुसत्या फोटोवर भरवसा नको, क्लोजअपमध्ये कळतच नाही की वर कुठलं अन् खाली कुठलं, म्हणून आधी लांबून एक, मग जवळून एक.

अन् जुने पार्ट फेकायचे नाहीत, नवीन बसून गाडी चालेपर्यंत तर नाहीच. तुटकी रबरी बुश सुद्धा ठेवा, लेथवाल्याला नमुना म्हणून तीच दाखवायची असते. बॉडी अन् चेसिसच्या मध्ये ज्या पातळ चकत्या निघतात त्या तर सोन्यासारख्या जपा, कुठून किती निघाल्या ते लिहून ठेवा, दरवाजे नीट लागणं त्यांच्यावरच असतं.

पहिलं काम ब्रेक अन् पुढची चाकं

सगळे इंजिनपासून सुरू करतात. मी म्हणतो ब्रेकपासून, कारण शेडमधून बाहेर ढकलताना पण थांबवायची गरज पडतेच, अन् इथलं काम सोपं आहे, हाताला सवय लागते.

ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकरायची नाही, एअर मारायचा नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडावर मास्क. मग मास्टर सिलेंडर अन् चारही चाकांचे सिलेंडर खोलून आतून बोट फिरवा, खड्डे लागले तर नुसती रबर किट टाकून उपयोग नाही, महिन्याभरात परत गळतं. हिंगणा एमआयडीसीकडे चांगला लेथवाला असेल तर सिलेंडरला आतून स्टीलची स्लीव्ह टाकून मूळ मापाला आणून देतो. रबरी होज चारही बदला, दिसायला चांगले असले तरी आतून फुगलेले असतात. ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकापासून सुरू करायचं. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा. या गाडीला एकच ब्रेक लाइन आहे, बूस्टर नाही, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, हँडब्रेकवरच भिस्त. म्हणून जुने लोखंडी पाइप गंजलेले दिसले तर घासत बसू नका, नवीन टाका.

आता पुढच्या चाकाची गोष्ट, ही नीट वाचा. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी तुकड्यात आट्यांवर बसलेला असतो, त्याला ट्रनियन म्हणतात, अन् स्टीअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो. इथं ग्रीस भरायचं नाही, ईपी-९० गिअर ऑइल भरायचं, कंपनीच्या पुस्तकात पण तेच आहे. आपल्याकडे सर्व्हिसवाला निप्पल दिसलं की ग्रीस गन लावतो, ते ग्रीस आट्यांत खालपर्यंत उतरत नाही, वाळून कडक होतं, मग पावसाचं पाणी आत राहतं, दांड्याच्या आटीला गंज धरतो अन् एक दिवस वळताना दांडा तुटतो, चाक मडगार्डखाली आडवं. असं चौकात हळू असताना झालं तर नशीब, रिंग रोडवर झालं तर काय ते सांगायला नको.

म्हणून गाडी घेतली की दोन्ही बाजूचे ट्रनियन खोला. दांडा फिरवून बाहेर काढा, डिझेलमध्ये धुवून ब्रशनं आट्या साफ करा, उन्हात नेऊन पाहा. आटी संपते तिथं गंजाचे खड्डे किंवा केसासारखी चीर दिसली तर तो दांडा पुन्हा लावायचा नाही. वेल्डिंग मारून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. दांडा अन् ट्रनियन इंग्लंडमधून नवीन येतात, कारण त्याच घराण्याच्या हजारो गाड्या तिथं अजून पळून राहिल्या आहेत. बसवताना एक साधी ग्रीस गन फक्त गिअर ऑइलसाठी वेगळी ठेवा, ऑइल वरून झिरपेपर्यंत मारा. डावा अन् उजवा ट्रनियन एकच नाही, आटी उलटी असते, म्हणून खोलतानाच खूण करा.

झोपलेलं इंजिन उठवणं

९४८ सीसीचं चार सिलिंडरचं साधं लोखंडी इंजिन, एकच सोलेक्स कार्ब्युरेटर. वर्षानुवर्षं बंद असेल तर बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही, आत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात अन् जबरदस्तीनं त्या तुटतात.

चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात इंजिन ऑइल अन् डिझेल सारखं मिसळून दोन-दोन चमचे टाका, प्लगच्या जागी कापडाची बोळी लावा, अन् काही दिवस गाडीकडे पाहू पण नका. मग टॉप गिअरला टाकून गाडी हळूच पुढे-मागे झुलवा, क्रँक थोडी जरी हलली तरी काम झालं, हळूहळू पूर्ण फेरा होईल. हललीच नाही तर परत तेल, परत वाट. दम धरणाऱ्याचंच काम आहे हे.

फिरायला लागली की जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल अन् नवीन फिल्टर. प्लग बाहेरच ठेवून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरचा गॅप, थंड इंजिनवर सगळे ०.०१० इंच. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५ इंच, सिलिंडरच्या फायरिंगचा क्रम १-३-४-२. हे आकडे शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पहिल्यांदा स्टार्ट करताना टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचं नाही, ते वार्निशसारखं झालेलं असतं. छोट्या डब्यातून नळीनं ताजं पेट्रोल द्या.

स्टार्ट झालं, धूर निघाला, आनंद झाला, तर लगेच पेढे वाटू नका. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन मोजा. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. नुसते व्हॉल्व्ह असतील तर हेड काढून काम भागतं, अख्खं इंजिन उतरवायची गरज नाही. हेड काढलंच आहे तर एग्झॉस्टच्या व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर बनलेली, अन् आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आहे. शहरात हळू चालवणाऱ्याला घाई नाही, पण हेड खाली असताना करून टाकणं स्वस्त पडतं.

त्यावर आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊन राहिलंय. जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ होऊन आतून सुटतात अन् कचरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या, पंपाचा पडदा पण त्याच मटेरियलचा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, अर्ध्या टाकीत ओल धरते अन् इथेनॉल ते पाणी ओढून घेतं. टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नाही, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

गरम होणं हा नागपूरचा खास विषय. रॅडिएटरवाल्याकडे टाकी उघडून आत सळई फिरवून घ्या, नुसता पाण्याचा प्रेशर पुरत नाही. ब्लॉकमध्ये पण तळाशी लाल चिखल साचलेला असतो, ब्लॉकच्या बाजूचा गोल पत्र्याचा डाट काढला की बाहेर येतो. बोअरचं पाणी घालू नका, खार बसतो, कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटरच. तरी मेमध्ये सिग्नलला उभं राहून बंद पडली अन् परत स्टार्ट होत नसेल तर पेट्रोलच्या पाइपात वाफ अडकली असते, पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं थांबा. कायमचा उपाय म्हणजे पाइप एग्झॉस्टपासून लांब घेऊन त्यावर उष्णता अडवणारी स्लीव्ह.

वायरिंग

इथं एकच गोष्ट. बॅटरी लावायच्या आधी पाहा की बॉडीला प्लस जोडलेलं आहे की मायनस. त्या काळच्या गाड्यांत प्लस अर्थ असायचं, मधे कोणी बदललं असेल तर नसेलही. मागच्या मेकॅनिकनं लावली तशीच लावायची म्हणून डोळे मिटून लावू नका. वायरिंगचं सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीचे वायरींचे रंग लक्षात ठेवले की अर्धी भीती जाते, तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट लाइन, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल छोट्या दिव्यांची, काळी अर्थ. जी वायर गाडीच्या पुस्तकातल्या वायरिंगच्या नकाशात सापडत नाही ती मागून कोणीतरी जुगाड म्हणून टाकलेली असू शकते. इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल तर अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, नवीन.

पत्रा अन् रंग सगळ्यात शेवटी

चालणारी, थांबणारी, वळणारी गाडी हातात आली की मग डेंटर. आधी रंग करून ठेवला तर इंजिन काढता-घालताना ओरखडे पडतातच.

चेसिस अन् जाड लोखंड सँडब्लास्टिंगला चालतं. बॉनेट, दरवाजे, डिकीचा पातळ पत्रा देऊ नका, गरम होऊन लहरी येतात, त्या परत बसत नाहीत. तिथं रंग काढायचं केमिकल अन् हातानं घासणं, कंटाळवाणं आहे पण पत्रा वाचतो. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, पाणी मारत ओला घासा. लोखंड उघडं झालं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, उद्यावर ढकलायचं नाही. सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा, गंजावर लांबी थापायची नाही, डेंटरला हे आधीच स्पष्ट सांगा अन् प्रायमरच्या आधी येऊन पाहणार असं पण सांगा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग, घरी मारायचा नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला लागतं, कापडी मास्कनं काही होत नाही. तो बूथवाल्याकडेच द्या, तयारी तुम्ही करा, पैसे तयारीतच वाचतात.

पार्ट कुठून

रबरी बुश, बेअरिंग, ऑइल सील, बेल्ट यांची मापं व्हर्नियरनं घेऊन घाट रोडवर किंवा बेअरिंगच्या दुकानात फिरा, गाडीचं नाव सांगू नका, माप सांगा. हेराल्डचं नाव घेतलं की दुकानदार नाही म्हणतो, माप सांगितलं की डब्बा काढतो. गाडीचेच खास पार्ट इंग्लंडमधून, तिथं ट्रायम्फचे वेगळे दुकानदार आहेत, पण कस्टम ड्युटी अन् कुरिअर धरून एकदाच मोठी ऑर्डर करा. पॅकिंगचा सेट, ब्रेक किट, ट्रनियन, थ्रस्ट वॉशर, वॉटर पंप एवढं पहिल्या ऑर्डरमध्ये.

पहिली फेरी

इन्शुरन्स अन् पीयूसी झाल्याशिवाय गेटच्या बाहेर काढू नका, थर्ड पार्टी तरी पाहिजेच. पहिल्या दिवशी सकाळी लवकर, घराजवळच, पन्नासच्या आत. पहिला गिअर सिंक्रोमेशचा नाही, चालत्या गाडीत टाकला तर किरकिरतो, पूर्ण थांबूनच टाका. मागचं सस्पेन्शन असं आहे की जोरात वळताना मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडू पाहतं, म्हणून वळणाच्या आधीच स्पीड कमी करायची अन् वळणात पाय स्थिर. सेमिनरी हिल्सच्या चढावर थांबवून हँडब्रेक धरतो का पाहा. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, एकच चाक तापलेलं असेल तर तो ब्रेक धरून राहिलाय. खाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी कुठला डाग कुठं पडला ते दिसतं, काळा इंजिनचा, पिवळसर अन् घट्ट गिअरचा, पाण्यासारखा पण निसरडा असेल तर ब्रेकचा, अन् तो डाग दिसला की त्या दिवशी गाडी हलवायची नाही.

पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदला, हेडचे नट पुस्तकातल्या क्रमानं परत टॉर्कला घ्या, त्यानंतर टॅपेट परत पाहा कारण हेड बसलं की गॅप बदलतो, अन् ट्रनियनला परत ईपी-९० मारा.